एका रात्रीत दोन सिनेमे : 'सामना'नंतर 'सिंहासन'च का लावायचा?

शनिवारची रात्र. वणीतलं कुठलंही एक घर घ्या. आजी टीव्हीवरच्या मालिकेत, वडील मोबाइलवर द्राक्षाच्या भावाच्या व्हिडिओत आणि पोरगं कानात इअरफोन घालून रील्समध्ये. एका खोलीत तीन पडदे, आणि कुणी काय बघितलं हे दुसऱ्याला माहीत नाही. जेवण झाल्यावर कुणी म्हणालंच की 'चला, सगळे मिळून एखादा सिनेमा बघू', तर पुढचा पाऊण तास सिनेमा निवडण्यात जातो. मग सगळे झोपतात.

यावर सध्या सोशल मीडियावर एक उपाय फिरतोय. डबल फीचर. म्हणजे एकाच बैठकीत दोन सिनेमे, पण वाटेल ते दोन नाहीत, एकमेकांशी काहीतरी नातं असलेले. जुलै २०२३मध्ये याची लाट आपल्याकडेही आली होती. 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' २१ जुलैला एकाच दिवशी लागले, आणि जगभरातल्या लोकांनी एका दिवसात दोन्ही बघायचा खेळ केला. गुलाबी कपडे घालून अणुबॉम्बचा सिनेमा! नाव पडलं 'बार्बेनहायमर'. मजा आली, पण खरं सांगायचं तर ती जोडी तारखेने जमवली होती, विषयाने नाही.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत १९३०च्या दशकात मंदी होती. लोकांकडे पैसे नव्हते, थिएटरं ओस पडत होती. मग मालकांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. एक मोठ्या नटांचा, दुसरा कमी खर्चातला. 'बी ग्रेड' हा शब्द आपण आज शिवीसारखा वापरतो, तो या दुसऱ्या सिनेमावरून आला. काही थिएटरांनी तर तिकिटावर कपबश्या वाटल्या.

आपल्याकडे हे फार रुजलं नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. आपला एकच सिनेमा तीन तासांचा, मध्ये इंटरव्हल, त्यात गाणी, मारामारी, रडारड सगळं. एका तिकिटात दोन सिनेमे बघितल्यासारखंच ते. पण सुरुवातीच्या काळात प्रकार वेगळा होता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर मुक्काम नाशिकला हलवला आणि तिथे 'मोहिनी भस्मासुर' केला. त्याच्या जोडीला त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाची एक छोटी विनोदी फिल्म दाखवली. आधी पुराणकथा, सोबत हसायला काहीतरी. म्हणजे जोडी लावायची युक्ती नाशिक जिल्ह्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

आणि मग जत्रा. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तमाशाच्या फडाशेजारी टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. ट्रकवर प्रोजेक्टर, जमिनीवर बसकण, आणि रात्री उशिरापर्यंत एकामागून एक खेळ. लांबून आलेला माणूस एका रात्रीत दोन सिनेमे सहज बघून उठायचा. या जगावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६मध्ये कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. आता तंबू विरळ झालेत. तंबूमालक ठरवायचा ते काम आता घरातल्या कुणीतरी करायचं आहे, इतकंच.

जोडी जमते कशी?

इथे बहुतेक लोक एक चूक करतात. सारखा विषय शोधतात. क्रिकेटचा एक, क्रिकेटचा दुसरा. भुताचा एक, भुताचा दुसरा. पहिला संपेपर्यंत मजा येते, दुसऱ्याला जांभया. 'सैराट' (२०१६) आणि त्याचा हिंदी रिमेक 'धडक' (२०१८) पाठोपाठ लावून बघा. गोष्ट तीच, आणि मराठीत जी जात प्रत्येक फ्रेममध्ये होती ती हिंदीत कुठे गेली हे शोधण्यात रात्र जाते. अभ्यासाला ठीक आहे. शनिवारच्या रात्रीला नाही.

जमलेल्या जोडीची खूण वेगळी असते. दुसरा सिनेमा बघताना पहिला बदलतो. तासाभरापूर्वी ज्या माणसाबद्दल मत बनवलं होतं, ते दुसऱ्या सिनेमात कुणीतरी हलवतं.

याचं मराठीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जब्बार पटेलांचे दोन सिनेमे. 'सामना' (१९७४) आणि 'सिंहासन' (१९७९). दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन्हींत निळू फुले आणि श्रीराम लागू.

'सामना'मध्ये निळू फुले म्हणजे हिंदूराव धोंडे पाटील. कारखाना त्याचा, गाव त्याचं, पोलीस त्याचे. आणि श्रीराम लागू म्हणजे दारूत बुडालेला, गावात उपरा आलेला एक मास्तर, जो मारुती कांबळे नावाच्या गायब झालेल्या माणसाबद्दल विचारत राहतो. सत्ता फुल्यांकडे, प्रश्न लागूंकडे.

आता 'सिंहासन' लावा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा सिनेमा. मुक्काम गावातून मुंबईत, कारखान्यातून मंत्रालयात. मुख्यमंत्र्याच्या भूमिकेत अरुण सरनाईक. आणि त्यांची खुर्ची ओढायला बसलेला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे कोण? श्रीराम लागू. हे सगळं वहीत टिपणारा, आतून पोखरत जाणारा पत्रकार दिगू टिपणीस कोण? निळू फुले.

पाच वर्षांत दोघांनी जागा बदलल्या. ज्याने प्रश्न विचारला तो आता सत्तेच्या टेबलावर आहे, आणि ज्याला प्रश्न विचारला गेला तो आता विचारणाऱ्याच्या बाजूला. एकेक सिनेमा वेगवेगळ्या महिन्यात बघितला तर हे लक्षात येतंच असं नाही. एका रात्रीत बघितला तर सुटत नाही. त्यात दोन्हींमधली सत्ता एकाच दोरीची दोन टोकं आहेत हेही कळतं, म्हणजे खालचा पाटील वरच्या मंत्र्याशिवाय उभा राहत नाही आणि वरचा खालच्याशिवाय. दिंडोरी तालुक्यात कारखाना, सोसायटी आणि बाजार समिती हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, त्यामुळे ही जोडी वणीत वडीलमंडळींसोबत बघण्यात वेगळीच गंमत आहे. ते मध्येमध्ये थांबवून नावं घेतील. घेऊ द्या.

शाळेच्या वर्गात दोन बाक

दुसरी जोडी तरुणांसाठी. 'शाळा' आणि 'फँड्री'.

सुजय डहाकेचा 'शाळा' मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवर आहे. काळ आणीबाणीचा. जोशी आणि शिरोडकर, वहीतून वर न बघता बघणं, मित्रांची टोळकी. नागराज मंजुळेचा 'फँड्री' २०१३चा. जब्या आणि शालू. तेच वय, तीच वर्गातली चोरटी नजर.

'शाळा'मध्ये प्रेम फसलं तर मुलाला दुःख होतं. 'फँड्री'मध्ये जब्याला आधी हे ठरवावं लागतं की त्याला प्रेम करायचा हक्क तरी आहे का, कारण गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या घराकडे आहे आणि ती पळापळ शाळेसमोरच होणार आहे. 'शाळा' बघून मन हळवं झालेलं असतं. 'त्या वयात सगळ्यांचं असंच असतं' असं कुणीतरी म्हणतंच. त्यानंतर 'फँड्री' सुरू झाला की 'सगळ्यांचं' या शब्दाचं काय होतं ते बघा. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी 'फँड्री' लावला तर त्या शेवटच्या दगडानंतर 'शाळा' बघायची कुणाची इच्छा उरणार नाही.

अशीच एक जोडी शब्दावरून जमते. सत्यदेव दुबेंनी तेंडुलकरांच्या नाटकावर केलेला 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) आणि चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४). एकात कोर्ट खोटं, नाटकमंडळींनी वेळ घालवायला मांडलेलं, पण त्यात बेणारेबाईची शिक्षा खरी. दुसऱ्यात कोर्ट खरं, पण लोकशाहिरावरचा आरोप असा की ऐकून हसू यावं. 'कोर्ट' दोन तासांच्या आत संपतो, पण संथ आहे. तो जेवणानंतर लगेच लावला तर अर्धं घर झोपेल, ही सूचना.

'पिंजरा' (१९७२) आणि 'नटरंग' (२०१०) ही तमाशाची जोडी तर कुणीही सांगेल. मास्तर तमाशापायी उतरणीला लागतो, आणि गुणा पैलवान तमाशासाठी नाच्या होतो. पहिल्यात फड म्हणजे मोह, दुसऱ्यात फड म्हणजे ध्यास.

आणि गडाखालच्या गावासाठी?

वणी म्हटलं की महाराष्ट्राला सप्तशृंगी आठवते. चैत्रात खान्देशातून पायी येणारे जथे, नवरात्रातली गर्दी, पाचशेच्या आसपास पायऱ्या, आणि २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉली. गड प्रशासकीयदृष्ट्या कळवण तालुक्यात, पण लोकांच्या तोंडी 'वणीची देवी'. श्रद्धा आणि श्रद्धेवर चालणारी घरं, म्हणजे हार, नारळ, पेढे, जीपगाड्या, लॉज, हे इथे रोजचं आहे. त्यामुळे या गावासाठी एक जोडी खास आहे.

पहिला 'संत तुकाराम' (१९३६). प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा, विष्णुपंत पागनीसांचा. आजीला आवडणार हे नक्की. पण यात नुसता देवभक्त माणूस नाही. सालोमालो आहे, जो तुकोबांची रचना आपल्या नावावर खपवतो आणि देवाच्या दारात दुकान मांडतो. आणि जिजाई आहे. गौरी या अभिनेत्रीने केलेली जिजाई घरात पोरं उपाशी असताना सरळ विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते. भक्ती आणि भाकरी यांचं भांडण सिनेमा लपवत नाही.

दुसरा 'देऊळ' (२०११). उमेश कुलकर्णी दिग्दर्शक, गिरीश कुलकर्णीने लिहिलेला आणि केशाची भूमिकाही त्याचीच. मंगरूळ नावाच्या गावात केशाला गाय शोधताना दत्ताचा दृष्टांत होतो. बघता बघता गावाला देऊळ पाहिजे, देवळाला रस्ता पाहिजे, रस्त्याला दुकानं पाहिजेत, आणि हॉस्पिटलची योजना मागे पडते. गावाची भरभराट होते. फक्त ज्याला देव दिसला त्यालाच तो आता सापडत नाही.

मधल्या पंच्याहत्तर वर्षांत सालोमालो एकटा राहिला नाही, अख्खं गाव सालोमालो झालं, असं वाटायला लागतं. पण इतकं सोपं करून चालणार नाही. 'देऊळ'मधल्या गावाला खरंच पैसा हवा होता आणि जिजाईला खरंच भाकरी हवी होती. गडाखाली नारळ विकून ज्यांच्या पोरांची फी भरली जाते ते यावर काय म्हणतात, हे ऐकण्यासाठी तरी दोन सिनेमांच्या मध्ये अर्धा तास ठेवा. दोन्ही सव्वादोन तासांच्या आसपासचे आहेत, म्हणजे संध्याकाळी सहाला सुरू केलं तर मध्ये जेवण धरून अकराच्या सुमारास संपतं. सकाळी बागेत फवारणी असेल तरी जमतं.

चौकात पडदा लावला तर चालेल का?

घरात, घरच्यांसोबत बघायला कुणाची हरकत नाही. पण मंडळाने चौकात पडदा लावला की तो सार्वजनिक खेळ होतो. ओटीटीचं सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापरासाठी असतं, ते प्रोजेक्टरला जोडून गावाला दाखवायची परवानगी त्यात नसते. हक्क ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी लागते, शिवाय जागेसाठी स्थानिक प्रशासनाची.

कॉपीराइट कायदा १९५७नुसार सिनेमाचा हक्क तो प्रदर्शित झाल्यानंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं टिकतो. 'राजा हरिश्चंद्र' त्यातून कधीच मोकळा झालाय. चार रिळांच्या त्या सिनेमाचा आज वीसेक मिनिटांचा भाग उरलाय, आणि तोही मूळ १९१३चा की फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीतला, यावर अभ्यासकांत वाद आहे. फाळक्यांनी शंभराच्या आसपास सिनेमे केले. त्यातले थोडकेच वाचले. बाकीचे कुणी कुणाच्या जोडीला लावू म्हटलं तरी लावता येणार नाहीत.

त्या वीस मिनिटांची जोडी अर्थातच परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). नंदू माधवचे फाळके घरातली भांडीकुंडी विकत, हसत हसत सिनेमा करतात. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळत नाही म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहतात. हेच साळुंके पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही झाले. इथे मात्र क्रम उलटा ठेवा. आधी 'फॅक्टरी', मग मूळ फिल्म. सिनेमा कसा झाला ते कळल्यावर मूकपटातली ती साडीतली तारामती पडद्यावर आली की आजीपासून पोरापर्यंत सगळे तिला ओळखतात. चौकात दाखवायचं असेल तर 'फॅक्टरी'साठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला पत्र लिहावं लागेल. मूकपटाला आवाज नाही, तिथे गावातला एखादा ढोलकीवाला बसवला तरी भागतं.