टाकी ते कार्बोरेटर : जुन्या गाडीचे पेट्रोल नेमके कोठे अडते?

दसऱ्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा सोने लुटायला जमलेली माणसे आधी त्या गाडीकडे पाहतात. जुन्या यंत्राविषयी आम्हा कोल्हापूरकरांना मुळातच जिव्हाळा. उद्यमनगरच्या भट्ट्या आणि लेथ यांच्या आवाजात वाढलेले हे शहर आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र राजघराण्याच्या मोटारीचा नसून मध्यमवर्गीयांच्या गाडीचा, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचा आहे. मी बँकेत लिपिक, शिक्षण कला शाखेचे. यंत्रशास्त्र कधी शिकलो नाही. तरीही लिहिण्याचे धाडस करतो, कारण या गाडीने मला बरेच शिकविले आणि त्याची फीही चांगलीच वसूल केली.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. पुढे १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सी.सी.चे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तेव्हापासून सुटे भाग मिळणे आणि त्याहून अधिक म्हणजे हात बसलेला मिस्त्री मिळणे अवघड होत चालले आहे. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आजच्या मुलांनी संगणकाने चालणारे इंजेक्शन पाहिलेले असते. कार्बोरेटर उघडून पाहण्याचा योग क्वचितच येतो.

आमची गाडी वडिलांनी जुनीच विकत घेतली होती. ते गेल्यावर आईला ती विकवेना. दोन वर्षांपूर्वी ती चालता चालता बंद पडू लागली. पहिल्यांदा गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळे गावाच्या पुढे, तिन्हीसांजेला, भर पावसात. गाडीत आई होती. पाऊण तास थांबल्यावर इंजिन आपोआप सुरू झाले. पुन्हा तसेच झाले, पुन्हा तसेच. मी पेट्रोलचा पंप बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला, कॉइलही नवीन टाकली. नऊ-दहा हजार रुपये गेले आणि दोष जागच्या जागी राहिला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, भंगारात घाल आता." आईने गाडीत बसणे सोडले, ते मला अधिक लागले.

आता पेट्रोलचा प्रवास समजून घेऊ. टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीतून बारीक नळीने पेट्रोल इंजिनाशेजारच्या पंपापर्यंत येते. या पंपाला वीज लागत नाही. इंजिनातील कॅमशाफ्ट फिरताना पंपाची दांडी ढकलते, त्यामुळे आतला लवचिक पडदा, ज्याला डायफ्राम म्हणतात, तो खालीवर होतो आणि पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलतो. कार्बोरेटरमध्ये एक लहानशी वाटी असते. तिच्यातील तरंगता फ्लोट पातळी भरली की सुईने वाट बंद करतो. वाटीतले पेट्रोल जेटच्या सूक्ष्म भोकातून निघून हवेत मिसळते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते.

बँकेत दिवसअखेर जमाखर्च जुळला नाही तर आम्ही सगळी पाने पुन्हा बेरीज करत बसत नाही. फरकाच्या रकमेला नऊने भाग गेला तर कोणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले असावेत, असा संशय धरतो. नाहीतर व्यवहार मधोमध तोडून चूक अलीकडे की पलीकडे ते आधी ठरवतो. गाडीच्या बाबतीत मी नेमके हेच विसरलो आणि भाग बदलत सुटलो.

पहिला प्रश्न असा की दोष पेट्रोलचा की ठिणगीचा? बटण दाबल्यासारखे इंजिन एकदम मेले तर बहुधा विजेकडे पाहावे. झटके देत, धापा टाकत बंद पडले तर पेट्रोलकडे. सपाटीला ठीक आणि चढाला दम तोडते, हेही पेट्रोल कमी पोहोचत असल्याचे लक्षण. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल तर उलट प्रकार समजावा: सुई नीट बसत नाही, वाटी भरून वाहते आहे.

गाडी बंद असताना एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहावे आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने दाबावी. पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. धार नसेल तर कार्बोरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरावी, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार आधी काढावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. ठोक्यागणिक जोरदार पिचकारी आली तर दोष पुढे, कार्बोरेटरात. पिचकारी आली नाही तर पंप दोषी, असे लगेच म्हणू नये. पंपाच्या मागची नळी सोडवून एका डब्यातल्या स्वच्छ पेट्रोलात बुडवावी. डब्यातून पंप नीट ओढत असेल तर तो निर्दोष. दोष त्याच्याही मागे, नळीत, जाळीत किंवा टाकीत. डब्यातूनही ओढत नसेल तरच पंप उघडावा. डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. टाकी ते पंप या भागातली नळी तडकली तर गळती दिसेलच असे नाही, कारण तेथे ओढ असते. पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. वरून सारे कोरडे आणि पंप मात्र हवा पीत राहतो.

ही सगळी परीक्षा मी गल्लीत उभ्या गाडीवर केली आणि गाडी प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण झाली! उद्यमनगरातले एक वयस्क मिस्त्री तेव्हा म्हणाले, "साहेब, ताप उतरल्यावर नाडी बघून काय उपेग? जिथं बंद पडतीया, तिथंच बघा." मग मी डबा, बाटली आणि पान्हे घेऊन पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाघबीळच्या चढाला गाडीने मान टाकली. इंजिन गार होऊ दिले. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, म्हणून जुने चालक पंपावर ओले फडके टाकत. मीही टाकून पाहिले, उपयोग झाला नाही. नळी बाटलीत धरली, थेंब नाही. डब्यात बुडवली, पिचकारी जोरात. म्हणजे दोष मागे. मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी एवढेच विचारले, "टाकीचं झाकण कवा बदललं?"

झाकण उघडले तर 'फुस्स' करून हवा आत गेली.

पेट्रोलची चोरी झाल्यानंतर मीच ते कुलपाचे झाकण बसवले होते. मूळ झाकणातून टाकीला हवा मिळत होती. या नव्या झाकणाला छिद्रच नव्हते. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते, म्हणून घरोघरी दुसरे भोक पाडतात, तोच हा न्याय. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी वाढते आणि पंपाला ओढ पुरेनाशी होते. थांबल्यावर कोठून तरी थोडी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालू. आणखी एक कोडेही सुटले. टाकी पूर्ण भरली की गाडी लवकर बंद पडे, अर्धी असताना पडत नसे. मी पेट्रोल भेसळीचे म्हणून ज्याला त्याला सांगत होतो. खरे कारण असे की, भरलेल्या टाकीत हवेची जागा थोडी, त्यामुळे लिटर-दोन लिटर पेट्रोल जाताच तेथील दाब झपाट्याने उतरतो. अर्ध्या टाकीत हवा भरपूर असते, तिला तेवढ्याने फरक पडत नाही. काही गाड्यांत झाकणाऐवजी टाकीला हवेची स्वतंत्र नळी असते. तीही चिखलाने बुजते, तेव्हा तीसुद्धा पाहावी.

आमच्या जिल्ह्यातल्या उसाचाही या विषयाशी संबंध आहे. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. नळ्या फुगतात, तडकतात, डायफ्राम कडक होतो. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि थंड इंजिन कुरकुरते. इथेनॉल ओलावाही धरते. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवले तर खाली थर दिसतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवावी.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम उघड्यावर आणि गार इंजिनावरच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. जवळ विडी-सिगारेट नको. पाण्याऐवजी वाळूची बादली किंवा अग्निशामक नळकांडे ठेवा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची आपल्याकडची सवय तर कायमची सोडा. ते फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते.

मूळ प्रकारचे झाकण जुन्या बाजारात दीडशे रुपयांना मिळाले. गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन गगनबावड्याला जाऊन आलो. कळे गाव मागे पडेपर्यंत ती काही बोलली नाही. रविवारी सकाळी गाडी गल्लीत बॉनेट उघडून उभी असते. कार्बोरेटर पाहायचा असेल त्यांनी जरूर यावे.