बोली, व्याकरण आणि भांडवल
मोठ्या उद्योगांस सॉफ्टवेअर विकणाऱ्या नवोद्योगांविषयी

मोठ्या उद्योगसंस्थांना सॉफ्टवेअर विकणारा नवोद्योग, ज्यास आज सर्रास ‘स्टार्टअप’ म्हटले जाते, हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशा उद्योगाची उभारणी आणि त्याला लागणारे भांडवल यांचा उलगडा ज्या भेदाने होतो, तो आपल्या चांगलाच परिचयाचा आहे. तो भेद म्हणजे एकेक बोली आणि अनेक बोलींना सामावून घेणारे व्याकरण यांतील होय. त्याकडे दुर्लक्ष करून भांडवल स्वीकारणारी संस्था अडचणीत का येते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम या विक्रीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. दुकानातील गिऱ्हाईक वस्तू स्वतः निवडते, स्वतः वापरते आणि पैसेही स्वतःच देते. मोठ्या संस्थेत या भूमिका निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. सॉफ्टवेअर वापरणारा कर्मचारी एक, खर्चास मंजुरी देणारा अधिकारी दुसरा, आणि माहितीची सुरक्षितता व कायदेशीर बाजू तपासणारे विभाग आणखी तिसरे. या सर्वांचे समाधान होऊन, चाचणी पार पडून, करारावर सह्या होऊन प्रत्यक्ष रक्कम हाती येईपर्यंत अनेक महिने, प्रसंगी वर्षही लोटते. वर्धा जिल्ह्यातील वाचकास ही स्थिती समजावून सांगावयास नको. पावसाच्या आरंभी सरकी लावणाऱ्या शेतकऱ्याचा कापूस बाजारात पोहोचेपर्यंत दिवाळी येते, आणि मधल्या काळाचा खर्च कोणीतरी चालवावाच लागतो. नवोद्योगाच्या आरंभीच्या भांडवलाचा मोठा भाग अशाच प्रतीक्षेची किंमत असतो.

हे भांडवल कर्जरूपाने मिळणे कठीण, कारण तारण ठेवण्याजोगे नवोद्योगापाशी फारसे काही नसते. यास्तव मालकीचा हिस्सा देऊन साहस-भांडवल घ्यावे लागते. ते परत फेडावयाचे नसते. परंतु ते देणाऱ्याची अपेक्षा व्याजाहून पुष्कळच मोठी असते. त्याच्या अनेक गुंतवणुकी बुडतात. म्हणून उरलेल्या थोड्यांनी अनेक पटींनी वाढावे, असे त्याचे गणित असते. संथ गतीने होणारा नफा या गणितात बसत नाही.

आता मूळ भेदाकडे वळू. पहिला मोठा ग्राहक आपल्या कामाच्या रीती, नावे आणि अपवाद सांगतो. ही त्याची बोली होय. केवळ तिच्यात सॉफ्टवेअर लिहिले, तर दुसऱ्या ग्राहकासाठी ते जवळजवळ नव्याने लिहावे लागते. ग्राहक वाढले की माणसे वाढतात, माणसे वाढली की खर्च वाढतो. उलट, अनेक ग्राहकांच्या बोलींमागील समान रचना हेरून तीच सॉफ्टवेअरमध्ये बांधली, तर पुढील ग्राहकासाठी होणारा खर्च उत्तरोत्तर घटतो. साहस-भांडवलास अपेक्षित असलेली वाढ या दुसऱ्या स्थितीतच संभवते.

आयसर्टिस या संस्थेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. समीर बोडस आणि मोनीश दर्डा यांनी ती २००९ साली स्थापन केली. तिचे मुख्यालय अमेरिकेत बेलव्ह्यू येथे असले, तरी घडणीचे मोठे केंद्र पुण्यात राहिले. तिने व्यवसायासाठी निवडलेला विषय म्हणजे कंपन्यांचे करारनामे. औषध कंपनीचा करार आणि मोटार कारखान्याचा करार यांची शब्दकळा भिन्न असते. परंतु पक्ष, मुदत, कर्तव्य, अट, अपवाद आणि नूतनीकरण हे घटक दोहोंतही आढळतात. मायक्रोसॉफ्टसारखा बलाढ्य ग्राहक आरंभीच लाभूनही हे सॉफ्टवेअर त्या एकाच ग्राहकापुरते राहिले नाही. साहस-भांडवलाचा पहिला मोठा हप्ता, सुमारे ६० लाख डॉलर, २०१५ साली, म्हणजे स्थापनेनंतर ६ वर्षांनी आला. २०१९ साली ११.५ कोटी डॉलर मिळाले, तेव्हा संस्थेचे मूल्य १ अब्ज डॉलरहून अधिक ठरले. २०२१ साली ते २.८ अब्ज मानले गेले. भांडवलाचा ओघ वाढला तो रचना अनेक ग्राहकांना लागू पडू लागल्यावर, हा क्रम लक्षणीय आहे.

याचा अर्थ बोलीत काम करणे हीन, असा मुळीच नव्हे. आनंद देशपांडे यांनी १९९० साली पुण्यात स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही संस्था मुख्यतः इतर कंपन्यांना सॉफ्टवेअर घडवून देण्याच्या कामावर वाढली, आणि २० वर्षांनी, २०१० साली, तिचे समभाग सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले झाले. कामाच्या मोबदल्यावर वाढणाऱ्या संस्थेची गती आणि साहस-भांडवलाची गती मात्र एक नव्हे. पहिलीने दुसरीचे जोखड अकाली मानेवर घेतले, तर वाढीच्या घाईत एकतर काम बिघडते किंवा मालकी हातची जाते.

एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नाव होते. तेथील खरेदीदारास येथील एकेक शेत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अनेक शेतांच्या मालास मिळून लाभलेल्या त्या नावावर दूरचा व्यवहार होई. नवोद्योगासही असेच अनेकांना लागू पडणारे काही सिद्ध करावे लागते. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे अशा संस्थेत शिरतील वा ती स्थापन करतील, त्यांनी भांडवल घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : पहिल्या ग्राहकासाठी लिहिलेल्यातील किती भाग दहाव्या ग्राहकास जसाच्या तसा उपयोगी पडला? कोणाचे भांडवल घ्यावे आणि किती घ्यावे, हे त्याच्या उत्तरावरून ठरवावे.