गीझरच्या पोटातला चुना

बारामती किंवा इंदापूर तालुक्यात विहिरीचे वा बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरी दुरुस्तीसाठी उघडलेला गीझर कधी पाहिला आहे का? आतली कॉइल ओळखूही येत नाही. तिच्यावर पांढरट, खडबडीत पूट चढलेले असते आणि टाकीच्या तळाशी खडीसारखा चुरा साचलेला असतो. “मालच हलका निघाला,” असे म्हणून पुष्कळदा नवा गीझर आणला जातो आणि काही वर्षांत त्याचीही तीच गत होते. दोष यंत्रात आहे की पाण्यात, हे आधी शोधायला हवे. थोडे रसायनशास्त्र आणि थोडे गणित येत असेल, तर हा शोध तुम्हालाही घेता येईल.

चुना येतो कोठून?

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी बनते. आपल्या काळ्या खडकातील, म्हणजे बेसाल्टमधील, कॅल्शियम आणि मातीतले चुनखडीचे खडे या पाण्यात हळूहळू विरघळतात. त्यातून कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. मॅग्नेशियमचे क्षारही सोबत येतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून त्याला दुष्फेन पाणी म्हणतात.

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहेत. पाऊस कमी आणि ऊन कडक, म्हणून पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. १८८५ साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि शेती बहरली. पण जेथे पाण्याचा निचरा झाला नाही, तेथे भूजल वर चढले आणि जमिनी खारवटल्या. कालव्याचे पाणी मुळात सह्याद्रीतल्या पावसाचे, त्यामुळे ते बहुधा सुफेन असते. विहिरीचे पाणी मात्र खडकात आणि मातीत मुरून आलेले असते. म्हणून एकाच गावात दोन घरांच्या गीझरांचे आयुष्य वेगवेगळे असू शकते.

पाणी तापले की काय होते?

तापवल्यावर कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट उरते. जेथे पाणी सर्वांत जास्त तापते, तेथे म्हणजे कॉइलवरच ते प्रथम बसते.

ते किती साचेल? समजा, एक लिटर पाण्यात असा २०० मिलिग्रॅम चुना आहे आणि घरात रोज ६० लिटर पाणी तापते. म्हणजे रोज १२ ग्रॅम चुना गीझरमधून जातो. त्याचा दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाला ४३८ ग्रॅम होतात!

वीजबिल वाढते का?

येथे जरा विचार करा. जुन्या तांब्याच्या बंबात मधल्या नळकांड्यात जाळ असतो. नळकांड्यावर चुन्याचा थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती धुराबरोबर निघून जाते आणि लाकडे जास्त लागतात. कारण हा थर तांब्याच्या शंभरपटींहून अधिक मंद गतीने उष्णता वाहून नेतो. विजेच्या गीझरची कॉइल मात्र पाण्यात बुडालेली असते. तिच्यातली उष्णता उशिरा का होईना, पण पाण्यातच जाते. म्हणून पुटामुळे बिल फारसे वाढत नाही, आतली तार मात्र जास्त तापते. अखेर ती जळते किंवा कॉइलचे आवरण तडकते. नुकसान होते ते कॉइलच्या आयुष्याचे. तडकलेल्या आवरणातून वीज पाण्यात उतरू शकते, हा त्याहून मोठा धोका.

रोगाचे निदान

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवायला १५ × ४.२ × ३५ म्हणजे २,२०५ किलोज्यूल उष्णता लागते. २ किलोवॅटचा गीझर दर सेकंदाला २ किलोज्यूल देतो. म्हणजे सुमारे १८ मिनिटे लागतील. आता आपल्या गीझरवरचे आकडे वाचून असेच गणित करा आणि घड्याळ लावून पडताळून पाहा.

पाणी कोमट असतानाच दिवा बंद होत असेल, तर थर्मोस्टॅट तपासायला हवा. पाणी गरम असते पण लवकर संपते, तर तळाच्या चुऱ्याने जागा अडवली असेल. पाणी मुळीच तापत नसेल, तर बहुधा कॉइल जळाली आहे किंवा सुरक्षा-कटआउट तुटला आहे. या भागांची दुरुस्ती वा बदली होऊ शकते, सबंध गीझर टाकून देण्याची गरज नाही. टाकीच गंजून गळू लागली, तर मात्र नवा गीझर घ्यावा. गंज रोखण्यासाठी अनेक गीझरांत मॅग्नेशियमचा दांडा बसवलेला असतो. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. तो संपण्यापूर्वी बदलला, तर टाकी वाचते.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर नळ सोडा, मेन स्विच बंद करा आणि अर्थिंगसह सर्व तपासणी होईपर्यंत गीझर लावू नका. गीझर उघडणे हे जाणत्या कारागिराचेच काम आहे. पूट काढायला अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल, पुरते. त्यात काढलेली कॉइल, विजेची टोके कोरडी ठेवून, काही तास बुडवावी. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये, ते धातूही खाते. आजी तांब्याचा बंब चिंचेने घासत असे. तेथेही चिंचेतले आम्लच तांब्यावरचा काळपट थर विरघळवत असे.

थर्मोस्टॅट कमाल आकड्यावर न ठेवता ६० अंशांच्या आसपास ठेवला, तर चुनाही कमी बसतो.

करून पाहा

विहिरीचे, कालव्याचे आणि साठवलेले पावसाचे पाणी सारख्या मापाने तीन बाटल्यांत घ्या. साबण पाण्यात विरघळवून प्रत्येकीत थेंब थेंब घाला आणि हलवा. टिकाऊ फेस यायला कोणाला किती थेंब लागले, ते लिहा. कपडे धुण्याची पावडर चालणार नाही, दुष्फेन पाण्यातही तिला फेस येतो. मग पाणी उकळण्याच्या भांड्यातला पांढरा थर खरवडून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले, तर तो कार्बोनेट आहे असे समजा.

पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता शक्यतो लिटरला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे भारतीय मानक सांगते. प्रयोगशाळेकडून आपल्या पाण्याचा आकडा मिळवा. गुरुजींच्या मदतीने वर्गातल्या सर्वांचे आकडे गावाच्या नकाशावर मांडा. कोणत्या आळीत गीझरची कॉइल वारंवार जळते, तेही त्यावर नोंदवा. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी पडतात का, ते पाहा.