फिरत्या घरातील ऊन पाणी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे आई-वडील चार-सहा महिन्यांसाठी जातात, तेव्हा एखाद्या आठवड्यात गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानाकडे निघण्याचा बेत हमखास ठरतो. निजायला पलंग, छोटेसे स्वयंपाकघर, न्हाणीघर असे हे फिरते घर ज्येष्ठांना सोयीचे वाटते. परंतु यलोस्टोनचे पठार सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. तेथे जुलैतही पहाट बोचरी असते. अशा पहाटे अंगावर साबण लावलेला असताना पाणी एकाएकी गार पडले, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकाएकी कढत आले, तर दचकून तोल जाण्याची, घसरण्याची किंवा भाजण्याची भीती असते. म्हणून पाणी नुसते गरम असून भागत नाही. ते पहिल्या तांब्यापासून शेवटच्या तांब्यापर्यंत एकसारखे असावे लागते.

त्यासाठी आधी हीटरची मर्यादा जाणून घ्या. लहान ट्रेलरमध्ये बहुधा ६ गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटरची टाकी असते. तिच्यातील पाणी साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यात विसण घालून स्नानायोग्य पाणी जेमतेम दोन बादल्या होते. शॉवर सतत सुरू ठेवला तर ते काही मिनिटांतच संपते. टाकी पुन्हा तापण्यास गॅसवर सुमारे अर्धा तास लागतो, विजेवर त्याहून अधिक. तेव्हा घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीचे स्नान प्रथम व्हावे आणि त्या वेळी कोणी भांडी घासू नयेत.

पाणी तापतच नसेल, तर हीटर बिघडला असे लगेच समजू नका. हिवाळ्यात पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून ती रिकामी करतात आणि बायपास झडप फिरवून पाणी टाकीला वळसा घालून नेतात. हंगामाच्या आरंभी ती झडप पूर्ववत करायची राहिली, की नळाला गारच पाणी येते. ट्रेलरच्या बाहेरच्या शॉवरचे गरम व थंड असे दोन्ही नळ उघडे असतील आणि पाणी फक्त त्याच्या मुठीवरच्या बटणाने अडवलेले असेल, तर आतल्या आत दोन्ही पाणी मिसळून सर्वत्र कोमट पाणी येते. हे दोन दोष हाताने दूर होतात. गॅसचा किंवा विजेचा दोष मात्र जाणकारानेच पाहावा.

एक नियम मुलांनाही सांगून ठेवा. गरम पाण्याच्या नळातून पाण्याची अखंड धार आल्याखेरीज हीटर सुरू करू नये. टाकी रिकामी असताना विजेचे बटण दाबले, तर आतील तापक काही क्षणांत जळून जातो. तसेच हीटर विजेवर असताना मायक्रोवेव्ह आणि वातानुकूलन यंत्र एकाच वेळी चालवले, तर भार वाढून वीज तुटू शकते आणि पाणी तापणे थांबते.

आता काळजी भाजण्याची. ६० अंशांचे पाणी त्वचेला अवघ्या पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजू शकते. वयपरत्वे त्वचा पातळ होते, हालचाल मंदावते. दीर्घकाळ मधुमेह असेल तर तळपायांना चटकाही जाणवत नाही. शॉवरच्या मुठीवरील बटणाने पाणी थांबवून पुन्हा सुरू केले, की पहिली धार बरेचदा अतिशय कढत किंवा अगदी गार येते. ती अंगावर घेऊ नये.

यावर उत्तम उपाय आपल्या जुन्या सवयीतच आहे. एक लहान बादली आणि तांब्या बरोबर न्या. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग ऊन पाणी मिसळा आणि ढवळून कोपर बुडवून पाहा. कोपराला सुखद वाटणारे, म्हणजे साधारण ३७ ते ४० अंशांचे पाणी पुरेसे आहे. पायांनी अंदाज घेऊ नका. बादली भरून ठेवली, की हीटरने मध्येच दगा दिला तरी स्नान अडत नाही.

स्नान ट्रेलर थांबलेला आणि समपातळीत असतानाच करावे. शक्य तर ऊन वर आल्यावर. बैठकीसाठी न घसरणारे छोटे स्टूल ठेवावे. रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी कढत पाण्याने फार वेळ स्नान केल्यास उठताना भोवळ येऊ शकते. त्यांनी सावकाश उठावे आणि दाराला आतून कडी लावू नये.

शुश्रूषा करणाऱ्याने निघण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. हीटरच्या बाहेरील जाळीत कोळ्यांची जाळी किंवा गांधीलमाशांचे घर नसावे आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालू नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर चालू स्थितीत असावा. गजर वाजला, किंवा दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागून मळमळले, तर प्रथम सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे. कारण नंतर शोधावे.

ट्रेलर ताब्यात घेताच, घराच्या अंगणात उभा असतानाच, एकदा बादलीभर पाणी तापवून पाहा. तेथे दोष सापडला तर स्नानाला घरची न्हाणी जवळच असते.