मालमोटारीचा सायलेन्सर व केबिनमधील घुमारा

धाराशिव जिल्ह्यांतील शेतमाल आतां बहुतेक मोटारींवरच हलतो. कळंबच्या बाजाराचें सोयाबीन, भूम-वाशीकडील खवा, उमरग्याकडचा भाजीपाला, आणि उस्मानाबादी शेळ्यासुद्धां, लहानमोठ्या मालमोटारींतून सोलापूर, पुणें किंवा हैदराबादच्या बाजूस रवाना होतात. गाडी घरची आणि ती हांकणाराही घरचाच मुलगा किंवा पुतण्या, अशी स्थिति पुष्कळ कुटुंबांत आढळते. अशा गाड्यांच्या मालकांत एक खूळ शिरलेलें दिसतें. कारखान्यानें बसविलेला सायलेन्सर कापून काढावयाचा आणि त्याच्या जागीं सरळ नळी, किंवा बाजारांत मिळणारें एखादें मोठ्या आवाजाचें नळकांडें, जोडून द्यावयाचें. यानें गाडीस जोर येतो, डिझेल वांचतें, घाट हलका जातो, असें सांगणारे लोक गॅरेजांत व चहाच्या टपरीवर मुबलक भेटतात. प्रत्यक्षांत पहिल्या लांबच्या खेपेंत चालकाच्या पदरीं जें पडतें तें निराळेंच. ताशीं साठ किलोमीटरच्या सुमारास वेग आला कीं केबिनमध्यें एक खर्जाचा, एकसुरी घुमारा भरून राहतो. तो कानापेक्षां छातींत व डोक्यांत अधिक जाणवतो. गाडी थांबली कीं तो नाहींसा होतो, आणि मेकॅनिकपुढें गाडी उभी केली असतां कांहींच दोष सांपडत नाहीं.

वास्तविक हा घुमारा साध्या हिशेबानें पकडतां येतो. आपल्या गाड्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां पेट घेतो. अर्थात् चार सिलिंडरांचें इंजिन दर फेऱ्यास धुराचे दोन धक्के नळींत सोडतें. समजा, वरच्या गिअरमध्यें नेहमींच्या वेगानें जातांना इंजिन मिनिटास २१०० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदास ३५ फेरे, आणि धक्के ७०. सेकंदास सत्तर कंपनें, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेंत ७० हर्ट्झ, हा फार खालचा स्वर आहे. सहा सिलिंडरांची मोठी मालमोटार हाच स्वर १४०० फेऱ्यांवर काढते. तीन सिलिंडरांचा ट्रॅक्टर २००० फेऱ्यांवर ५० धक्के देतो. मालकानें आपल्या गाडीचा आंकडा असाच काढून ठेवावा, कारण पुढील सर्व उपाय त्यावर अवलंबून आहेत.

आतां हा स्वर केबिनमध्येंच कां माजतो? तुळजापुरास ज्यांनीं गोंधळ ऐकला असेल त्यांना संबळाची जोडी ठाऊक आहे. तींतील प्रत्येक भांड्यास त्याचा त्याचा स्वर असतो, आणि तो चामड्याच्या ताणावर व आंत कोंडलेल्या हवेवर ठरतो. मोटारीची केबिन हें असेंच एक भांडें होय. छताचा पत्रा, पाठीमागची भिंत व पायाखालचा तळ हीं तिचीं चामडीं, आणि आंतील हवा ही तिची स्प्रिंग. नळींतून येणारे धक्के या पत्र्यांच्या स्वतःच्या लयीशीं जुळले, कीं झोपाळ्यास वेळेवर दिलेल्या बोटभर धक्क्यानें तो जसा उंच जातो, तसे पत्रे थोड्या जोरानें पुष्कळ हलूं लागतात. म्हणूनच वेग पांच-दहा किलोमीटरनें कमीजास्त केला असतां घुमारा ओसरतो. खिडकी बोटभर उघडली तर कधीं तो कमी होतो, कधीं वाढतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर ती घुमते, तोच प्रकार येथेंही होऊं शकतो. बाहेर उभ्या असलेल्या मेकॅनिकला तो ऐकूं येत नाहीं, कारण बाहेर आवाज मोकळ्या रानांत पांगतो. आंत तो कोंडलेला असतो.

जो डबा भंगारांत टाकला त्याचें काम काय होतें, तेंही पाहिलें पाहिजे. सायलेन्सरची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेंत इंडियाना संस्थानांतील रीव्ह्ज बंधूंनीं १८९७ सालीं तिचें पेटंट घेतलें. कारखान्याच्या सायलेन्सरच्या पोटांत कप्पे व छिद्रें पाडलेल्या नळ्या असतात. एका कप्प्यांतून परतणारी लाट पुढून येणाऱ्या लाटेस आडवी जाते आणि दोघी एकमेकींस मारतात. खालचे स्वर मारण्यास अशी मोठी पोकळीच लागते. उलट बाजारी नळकांड्यांत बहुधा छिद्रांची सरळ नळी व तिच्याभोंवतीं कांचेची लोकर एवढेंच असतें. लोकर वरचे कर्कश स्वर शोषून घेते, पण खर्जास तिची कांहींच अडचण होत नाहीं. म्हणून असें नळकांडें दुकानासमोर भारदस्त व गोड वाजतें, आणि घाटांत चालकाचें डोकें उठवितें. विकत घेणारा दुकानासमोर ऐकतो. सोसणारा येडशीच्या चढावर ऐकतो.

जोर वाढतो या समजुतीविषयीं थोडें स्पष्टपणें लिहिणें अवश्य आहे. डिझेल किती जावयाचें तें पंप किंवा गाडींतील संगणक ठरवितो. नळी मोकळी केल्यानें तो हिशेब बदलत नाहीं, आणि लक्षांत येण्याजोगा लाभ क्वचितच होतो. मूळचा सायलेन्सर काजळीनें तुंबला असेल तर मात्र गाडी खरोखर कोंडते. पण त्याचा उपाय नवा मूळ सायलेन्सर हा आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर या डब्यांबरोबर धूर शुद्ध करण्याचीं साधनेंही जोडलेलीं असतात. तीं काढलीं कीं इंजिनाचा संगणक बिघाड नोंदवितो आणि पुष्कळ वेळां जोर स्वतःच कमी करून टाकतो.

केवळ कटकटीचा प्रश्न असता तर त्यावर इतका कागद खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु यांत माणसाचा कान व जीव गुंतलेला आहे. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही कानाची मर्यादा मानतात, आणि पुढें दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. येथें एक फसगत संभवते. मोबाइलवरील मापक बहुधा कानाच्या वरच्या स्वरांस अनुसरून मोजतात. सत्तर हर्ट्झचा आवाज ते सुमारें चोवीस डेसिबल कमी धरतात. त्यामुळें आंकडा लहान दिसला तरी घुमारा लहान आहे असें समजूं नये. ऊस कारखान्यावर पोहोंचवून पहाटे रिकामी गाडी परत आणणाऱ्या चालकास असा एकसुरी आवाज थकवितो व गुंगी आणतो. आणि ती गुंगी घालविण्यासाठीं तो गाणीं मोठ्यानें लावतो. म्हणजे एका आवाजावर दुसरा.

त्याहून वाईट गोष्ट धुराची. कापून पुन्हां जोडलेल्या नळीचे सांधे क्वचितच पक्के असतात. सांधा केबिनखालीं फुटका असेल तर धूर तळाच्या भोकांतून आंत येतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग नाहीं व वास नाहीं. डिझेलच्या इंजिनांत तो पेट्रोलच्या मानानें कमी निघतो, परंतु डिझेलचा धूर कर्करोगास निश्चितपणें कारण होतो असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं जाहीर केलें आहे. केबिनमध्यें डोळे चुरचुरत असतील किंवा लांबच्या खेपेनंतर डोकें जड होत असेल, तर घुमाऱ्याचा विचार मागाहून करावा आणि आधीं सांधे तपासावे.

तपासणी घरच्या घरीं होते. मोकळ्या रस्त्यावर बरोबर एक माणूस घेऊन जावें. चालकानें फक्त हांकावें आणि घुमारा कोणत्या फेऱ्यांवर येतो तें सोबत्यानें लिहून घ्यावें. नंतर गाडी उभी करून न्यूट्रलमध्यें तितकेच फेरे करावे. घुमारा थोडा जरी ऐकूं आला तरी दोष इंजिन व धुराच्या नळीकडे आहे. मुळींच आला नाहीं तर प्रॉपेलर शाफ्ट, टायर किंवा डिफरन्शियल यांच्याकडेही पाहावें. घुमारा चालू असतां सोबत्यानें छतास व पाठीमागच्या भिंतीस तळहात दाबून पाहावा. ज्या पत्र्यावर हात ठेवतांच आवाज पडतो, तो पत्रा गुन्हेगार समजावा. सांध्यांची परीक्षा सकाळीं थंड इंजिनावर व उघड्या जागीं करावी : गाडी सुरू करून नळीच्या तोंडावर ओल्या गोणपाटाची जाड घडी हातमोजा घालून दोन-तीन सेकंदच धरावी. जेथें फुसफुस ऐकूं येईल किंवा काळी रेघ दिसेल तेथें गळती आहे.

उपायांत पहिला मान रबरांचा. सायलेन्सर ज्या रबरी हँगरांवर लोंबतो तीं उन्हानें व तेलानें कडक होतात किंवा तुटतात, आणि मग कारागीर तेथें तार पिळून देतो. तार म्हणजे इंजिनापासून चासीपर्यंत बांधलेला पूलच. नळी कोठेंही चासीस, तळास किंवा ब्रेकच्या नळीस टेकूं नये. गरम होऊन ती वाढते हें धरून चोहोंकडे बोटभर फट ठेवावी. इंजिनाजवळचा लवचिक तुकडा काढून टाकला असेल तर तो परत बसवावा. नळीचें तोंड केबिनखालींच संपत असेल तर तें मूळच्या जागेपर्यंत मागें न्यावें. एवढ्यानेंच निम्मी तक्रार मिटलेली आम्हीं पाहिली आहे.

दुसरा व खरा उपाय म्हणजे त्याच गाडीचा मूळ सायलेन्सर परत बसविणें. तो महाग वाटतो. पण सरळ नळी, वेल्डिंग, केबिनचें अस्तर आणि पुन्हां वेल्डिंग, असा खर्च मांडून पाहिला तर तो स्वस्त ठरतो.

जुन्या गाडीचा मूळ सायलेन्सर मिळतच नसेल तर एक शास्त्रीय उपाय आहे. मुख्य नळीस एका बाजूनें एक आंधळी शाखा, म्हणजे दुसरें तोंड बंद असलेली नळी, जोडावयाची. धक्क्याची लाट शाखेंत जाऊन बंद तोंडावर आपटते व परत येते; शाखेची लांबी लाटेच्या पावपट असेल तर ती परत येतांना नेमकी उलट्या पावलानें येते आणि मुख्य लाट खाली बसते. हिशेब असा : गरम धुरांत आवाजाचा वेग हवेंतल्यापेक्षां अधिक, २०० अंश सेल्सिअसला सेकंदास सुमारें ४३६ मीटर असतो. त्यास धक्क्यांच्या चौपटीनें भागावें. ७० धक्क्यांसाठीं ४३६ भागिले २८०, म्हणजे सुमारें १.५६ मीटर, पांच फुटांहून किंचित् अधिक. शाखेंतला धूर कोंडलेला असल्यानें मुख्य नळीपेक्षां थंड असतो. तो १०० अंशांवर असेल तर हीच लांबी १.३८ मीटर येते. म्हणून टोंक एकदम वेल्ड न करतां सरकतें बूच ठेवावें, फिरून पाहावें, आणि जेथें घुमारा पडेल तेथें तें पक्कें करावें. शाखेचा व्यास मुख्य नळीइतका असावा. ती उघड्या तोंडाजवळ जोडूं नये; तेथें दाबच नसल्यानें ती निरुपयोगी होते. मात्र हा उपाय एकाच स्वरावर चालतो. शंभर-दोनशें फेरे इकडेतिकडे झाले कीं त्याचा गुण उतरतो. शिवाय हाही गाडींतील बदलच असल्यामुळें परिवहन कार्यालयांत आधीं विचारून घ्यावें.

केबिनच्या अस्तराचा क्रम शेवटचा, आणि लोक नेमके तेथून आरंभ करतात. फोम, चटई व मखमल यांनीं खर्ज शोषला जात नाहीं. हवेंत ७० हर्ट्झची लाट जवळजवळ पांच मीटर लांब असते, आणि ती शोषण्यास तिच्या पावपट, म्हणजे सव्वा मीटर जाडीचें अस्तर लागेल. मग चालकानें बसावें कोठें? गुन्हेगार पत्र्यावर आंतून डांबरी थराचे जड तुकडे चिकटविले तर त्याची थरथर मात्र कमी होते, म्हणून तेवढेंच करावें. कानांत कापूस घालणें सर्वांत वाईट : घुमारा येतच राहतो आणि मागच्या गाडीचा हॉर्न तेवढा ऐकूं येत नाहीं. नवीन काम होईपर्यंत बिनपैशाची तोड एवढीच, कीं घुमाऱ्याच्या फेऱ्यांवर गाडी रेंगाळूं देऊं नये. वेग थोडा कमी करावा किंवा गिअर बदलावा.

कायद्याचें म्हणणेंही वाचकांच्या कानावर घालावें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक मोटारीस सायलेन्सर असलाच पाहिजे असें सांगतो, आणि त्यांत शेतीच्या ट्रॅक्टरचा नांवानें उल्लेख आहे. आवाजाची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखालीं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊं शकतात, आणि चालकाचा परवाना तीन महिने जातो. ऐन हंगामांत परवाना गेला तर दंडापेक्षां तो तोटा मोठा.

ट्रॅक्टरवाल्यांनीं आपणांस केबिन नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये. उभी नळी चालकाच्या डोळ्यांसमोर दोन हातांवर असते, आणि थंडीसाठीं छत्रीस ताडपत्री किंवा पत्रा बांधला कीं तेथेंही भांडें तयार होतें. ताडपत्री बांधावयाचीच असेल तर मागची बाजू मोकळी ठेवावी आणि नळीचें तोंड छत्रीच्या वर जाईल असें करावें. दसऱ्यास गाड्या धुऊन पूजेस लावतात, त्याच वेळीं खालीं वांकून हँगरांचीं रबरें हातानें ओढून पाहावीं. आंधळी शाखा बसविलेली असेल तर तिच्या बंद टोंकाशीं पाणी सांचून गंज धरतो. तेथील बूच खोलून पाणी काढावें आणि पुन्हां घट्ट बसवावें.