शोध-सर्व्हर, सामायिक स्थापनेवरील

शोध-सर्व्हर, सामायिक स्थापनेवरील : संगणकावर एकदाच बसविलेल्या शोध-आज्ञावलीच्या आधारे एकाच वेळी अनेक स्वतंत्र शोध-सर्व्हर चालविण्याची पद्धती. शोध-सर्व्हर संग्रहातील लेख दर वेळी वाचीत नाही. कोणता शब्द कोठे आला आहे याची सूची तो आधीच तयार करून ठेवतो. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ल्यूसीन ही आज्ञावली या क्षेत्रात पायाभूत ठरली. सोलर (२००४) व इलॅस्टिकसर्च (२०१०) हे सर्व्हर तिच्यावरच उभे आहेत.

स्थापनेचे दोन भाग पडतात. मूळ आज्ञावली सर्वांना समान असते व चालू असताना बदलत नाही. सूची, मांडणीच्या फाइली व नोंदवह्या मात्र ज्याच्या त्याच्या असतात. म्हणून पहिला भाग केवळ वाचनासाठी एका ठिकाणी ठेवून दुसऱ्यासाठी प्रत्येक सर्व्हरला निराळी निर्देशिका व निराळा पोर्ट क्रमांक देतात. सोलरचा रूढ क्रमांक ८९८३ असल्याने दुसऱ्यास सामान्यतः ८९८४ देतात. दोन सर्व्हर चुकून एकाच सूचीवर लिहू लागल्यास ल्यूसीनची कुलूप-फाइल दुसऱ्याला अडविते. ही अडवणूक त्रासदायक वाटून कुलूप निष्क्रिय करणे म्हणजे सूची बिघडविणेच होय.

या पद्धतीचा उपयोग जुनी सेवा न थांबविता नियम बदलताना विशेष होतो. उदा., उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. परंतु त्यापूर्वीचे आदेश, अभिलेख व वृत्ते जुन्याच नावाने लिहिलेली आहेत. ‘धाराशिव’ असा शोध घेणाऱ्या नागरिकास ती सापडत नाहीत, आणि न सापडलेला कागद त्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. दोन्ही नावे पर्यायी म्हणून नोंदविल्यास ही अडचण दूर होते. मराठीत शब्दरूपांचा प्रश्न त्याहून बिकट आहे : ‘तुळजापूर’ मधील दीर्घ ऊकार ‘तुळजापुरात’ या रूपात ऱ्हस्व होतो. असे नियम सूची करतानाच लागू करावयाचे असल्यास सर्व संग्रहाची सूची पुन्हा करावी लागते. अशा वेळी शेजारी दुसरा सर्व्हर उभारून त्यात नवी सूची तयार करतात, ती तपासतात व मगच वाचकांना तिकडे वळवितात.

काटकसर होते ती डिस्कवरील जागेत व देखभालीच्या श्रमांत, स्मृतीत नव्हे. प्रत्येकी ४ गिगाबाइट स्मृती दिलेले दोन सर्व्हर ८ गिगाबाइट व्यापतात आणि सूचीची पृष्ठे तात्पुरती साठविण्यास कार्यकारी प्रणालीला तेवढी स्मृती कमी उरते. सामायिक आज्ञावली बदलली की पुढील प्रारंभापासून सर्वच सर्व्हरांना नवी आवृत्ती लागू होते. ल्यूसीनची मुख्य आवृत्ती सामान्यतः फक्त लगतच्या मागील मुख्य आवृत्तीची सूची वाचू शकते. म्हणून नवी आज्ञावली वेगळ्या निर्देशिकेत ठेवून एकेक सर्व्हर तिच्याकडे नेणे श्रेयस्कर.

केवळ संग्रह वेगवेगळे आहेत एवढ्यासाठी अनेक सर्व्हर चालविण्याचे कारण नाही. एकच सोलर सर्व्हर स्वतंत्र नियमांच्या अनेक सूची सांभाळू शकतो. एक सर्व्हर दुसऱ्याला धक्का न लावता बंद करावयाचा असेल किंवा प्रवेशाचे अधिकार पूर्णपणे विभक्त हवे असतील, तरच ही पद्धती सयुक्तिक ठरते. यंत्रच बंद पडल्यास त्यावरील सर्व सर्व्हर एकदमच बंद पडतात.