चाळीतली मार्गारिता, कॅबरेतली मार्गो

टँगो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाचणारं जोडपं उभं राहतं. गाण्यातला टँगो मात्र सुरू होतो तो जोडपं मोडल्यावर.

1917 साली गायक कार्लोस गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’ ध्वनिमुद्रित केलं. साम्युएल कास्त्रिओताच्या तयार चालीवर पास्क्वाल कोन्तुर्सीने शब्द बसवले होते. प्रेयसी सोडून गेली आहे आणि मागे उरलेली खोली आपल्याला दिसते: कपाटात टांगलेली गिटार, ती परतेल म्हणून रात्री उघडं ठेवलेलं दार, ‘माते’ या कडवट पेयाबरोबर खायला तो अजूनही आणतो ती बिस्किटं. ती का गेली, याबद्दल गाणं गप्प आहे. नंतरच्या गीतकारांनी मात्र कारण सांगायचंच असं ठरवलं, आणि विरहाच्या गाण्यात अख्खी वस्ती न्यायनिवाडा करायला येऊन बसली.

ही गाणी जिथली, ते अर्जेंटिनाचं ब्यूनोस आयर्स शहर त्या काळी परक्यांनी भरलेलं होतं. 1914 च्या जनगणनेत शहरातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली निघाली; इटालियन आणि स्पॅनिश सगळ्यांत जास्त. गरिबांचं बिऱ्हाड ‘कोन्वेंतीयो’त असे. एका अंगणाभोवती खोल्या, एकेका खोलीत पूर्ण कुटुंब, आपल्या चाळीसारखंच. तिथल्या मुलीपुढे शिवणकाम, धुणी, कारखाना किंवा लग्न एवढेच रस्ते होते. शहराच्या मध्यभागी झगमगणारं कॅबरे हा आणखी एक.

त्या रस्त्याने गेलेल्या मुली टँगोत जागोजागी भेटतात. 1920 च्या ‘मिलोंगिता’त चिक्लाना रस्त्यावरची वेणीवाली एस्तेरसिता कॅबरेत जाते, गीतकार साम्युएल लिन्निगला तिची कणव येते. सेलेदोनियो फ्लोरेसच्या ‘मार्गो’त कणव नाही. मार्गारिता नाव बदलून मार्गो झाली आहे, तिकडे आई रॉकेलच्या दिव्याच्या खोलीत आठवडाभर लोकांचे कपडे धुऊन चूल पेटती ठेवते. कुणी फसवलं नाही, दोष तुझाच, असं निवेदक तिला बजावतो. आईचे राबणारे हात त्याला दिसतात. ते हात बघूनच पोरीने पळ काढला असेल, एवढं काही त्याला सुचत नाही.

फ्लोरेसच्याच ‘मानो आ मानो’तला पुरुष अधिक समजूतदार. श्रीमंत माणसाकडे गेलेल्या प्रेयसीला तो सांगतो, आपला हिशेब चुकता. म्हातारपणी नड पडली तर ये. पण ती म्हातारी होईल, टाकली जाईल, याबद्दल त्यालाही शंका नाही! एन्रिके सान्तोस दिस्सेपोलोच्या 1928 च्या ‘एस्ता नोचे मे एम्बोर्राचो’त हे भाकीत खरं ठरलेलं दिसतं. जिच्यापायी निवेदकाने आईच्या तोंडचा घास काढला, तीच पहाटे कॅबरेतून ओळखू न येण्याइतकी विटलेली बाहेर पडते.

हे सगळे निवाडे पुरुषांचे. मारिया लुईसा कार्नेली ही बाई गीतकार. तिच्या घरी टँगोचं नावही काढायची सोय नव्हती, म्हणून तिने गाणी लिहिली ती लुईस मारियो, मारियो कास्त्रो अशा पुरुषी नावांनी. तिच्या ‘से वा ला विदा’मध्ये मुलीला उपदेश आहे, पण उलटा: दिवस सरत चाललेत, कुणी पैसेवाला सोय लावून देत असेल तर बेधडक जा. फ्लोरेसने ज्यासाठी मार्गोला झोडपलं, नेमकं तेच. असुसेना माइसानीने हे गाणं गायलं.

अर्जेंटिनात बायकांना कायद्याचा आधारही तेव्हा जेमतेमच. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याचा आणि आपली कमाई सांभाळण्याचा हक्क विवाहितेला 1926 मध्ये मिळाला, मतदानाचा 1947 मध्ये. घटस्फोट 1954 च्या कायद्याने थोडा काळ शक्य झाला, मग तो स्थगित झाला. पुन्हा मिळाला तो थेट 1987 मध्ये.